इंग्लंडच्या किनाऱ्यावर चांदीची जुनी नाणी शोधायची आहेत? मशीन घेण्याआधी हे वाचा

इंग्लंडला आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात मी एक जुना मेटल डिटेक्टर विकत घेतला आणि ससेक्सच्या किनाऱ्यावर जाऊ लागलो. पहिल्या सात महिन्यांत मिळालं काय, तर बाटल्यांची झाकणं, तंबूच्या खुंट्या, गळाची शिशाची वजनं आणि दोन वेळच्या कॉफीपुरते सुटे पैसे. चांदी शून्य. आठव्या महिन्यात, वादळ होऊन गेल्यावरच्या एका सकाळी, पापडासारखी पातळ आणि काळीकुट्ट चकती हाती आली. कोटाचं बटण समजून टाकून देणार होतो. अंगठ्याने चिखल सरकवला तेव्हा मुकुटावर उभा सिंह दिसला. पाचव्या जॉर्जचं १९१६ चं सहा पेन्सचं नाणं.

मशीन तेच होतं, मीही तोच होतो. फक्त त्या दिवशी योगायोगाने योग्य वेळी योग्य वाळूवर उभा होतो. तो योगायोग मुद्दाम कसा जुळवून आणायचा, एवढंच पुढे सांगतोय. सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथे हे जसंच्या तसं लावू नका.

१. आपण नेमकं काय शोधतोय?

ब्रिटिश चांदीच्या नाण्यांसाठी तीन सालं पाठ करा. १८१६ पासून १९१९ पर्यंतच्या नाण्यांत ९२.५ टक्के चांदी. १९२० पासून १९४६ पर्यंत ५० टक्के. १९४७ पासून रोजच्या वापराच्या नाण्यांत चांदीच नाही, तांबं आणि निकेल. आपल्या रुपयाचीही हीच कथा. राणीछाप रुपयात जवळजवळ ९२ टक्के चांदी होती, १९४० मध्ये ती ५० वर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. आजीच्या पेटीतला बंदा रुपया हातात घेतला असेल, तर तो ११.६६ ग्रॅमचा होता. इथलं दोन शिलिंगचं फ्लोरिन ११.३१ ग्रॅमचं. हाताला तेच वजन लागतं.

किनाऱ्यावर जास्त करून ही नाणी मिळतात: तीन पेन्स (१.४१ ग्रॅम, १६ मिलिमीटर), सहा पेन्स (२.८३ ग्रॅम, १९ मिलिमीटर) आणि शिलिंग (५.६६ ग्रॅम, साधारण २३.५ मिलिमीटर). फ्लोरिन आणि १४.१४ ग्रॅमचं हाफ क्राउन कमी मिळतं. मोठं नाणं पडलं की माणूस वाकून शोधायचा, तीन पेन्ससाठी कोण वाळू उपसत बसणार!

२. किनारा कोणाच्या मालकीचा, ते आधी बघा

"समुद्रकिनारा सगळ्यांचा" हे आपल्या डोक्यात पक्कं असतं. इथे तसं नाही. भरतीची आणि ओहोटीची रेघ यांच्या मधला पट्टा म्हणजे फोरशोअर. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधला जवळपास निम्मा फोरशोअर क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजाच्या नावावरच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. बाकीचा कुठे नगरपालिकेचा, कुठे डची ऑफ कॉर्नवॉलचा, कुठे संरक्षण खात्याचा, कुठे खासगी. क्राउन इस्टेटच्या संकेतस्थळावर नकाशा आहे, त्यात आपला किनारा शोधा. त्यांच्या पट्ट्यात डिटेक्टर फिरवायला आता वेगळा परवाना लागत नाही. तिथल्या अटी मात्र वाचा, कारण त्या बदलतात.

इथे नवखे फसतात ते असे: भरतीच्या रेघेच्या वरची कोरडी वाळू बहुतेक ठिकाणी वेगळ्या मालकाची, म्हणजे साधारणपणे नगरपालिकेची असते. तुम्ही दहा पावलं वर चढलात की नियम बदलले. नगरपालिकेला ईमेल करा आणि आलेलं उत्तर फोनमध्ये जपून ठेवा. मला एकदा किनाऱ्यावरच्या कर्मचाऱ्याने अडवलं, तेव्हा ते दोन ओळींचं उत्तरच कामी आलं.

काही जागा सरळ वर्ज्य. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. निसर्गाच्या दृष्टीने संरक्षित पट्ट्यांत खणण्यावर बंधनं असतात. लंडनमध्ये थेम्सचा काठ ओहोटीला उघडा पडतो आणि मोह होतो, पण तिथे पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीच्या परवान्याशिवाय मशीन तर सोडाच, नुसत्या डोळ्यांनी वस्तू शोधणंही चालत नाही.

जवळ ठेवायचे कागद: नगरपालिकेचं किंवा जमीनमालकाचं लेखी उत्तर, ओळखपत्र, आणि विम्याचं कार्ड. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सभासदत्व घेतलं की तिसऱ्या माणसाला इजा झाल्यास लागणारा विमा त्यातच येतो. तुमच्या खड्ड्यात कोणाचा पाय मुरगळला तर काय, याचा विचार मीही पहिल्या वर्षी केला नव्हता.

३. सामान

मशीनवरच सगळे पैसे घालवू नका. पण एक गोष्ट समजून घ्या. मिठाचं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे ओली खारट वाळूच मशीनला धातूसारखी वाटते. एकाच वारंवारतेवर चालणारं स्वस्त मशीन कोरड्या वाळूत छान बोलतं आणि ओल्या वाळूत गेलं की रडक्या पोरासारखं थांबता थांबत नाही. चांदी तर ओल्या पट्ट्यातच जास्त. म्हणून एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारं मशीन घ्या. मिनलॅब इक्विनॉक्स, नोक्टा लेजंड, एक्सपी ड्यूस २ ही त्यातली ओळखीची नावं. जुनं घेतलंत तरी चालेल, फक्त विकणाऱ्यासमोर ओल्या वाळूत चालवून बघा. पल्स इंडक्शन मशीन खाऱ्या पाण्यात शांत आणि खोलवर चालतं, पण लोखंड आणि चांदी यांत फारसा भेद करत नाही. गंजक्या खिळ्यांच्या किनाऱ्यावर ते घेऊन गेलात तर संध्याकाळी कंबर धरून परत याल.

बाकी यादी छोटी आहे:

- लांब दांड्याचा स्टीलचा स्कूप. भोकं १० ते १२ मिलिमीटरची हवीत, त्याहून मोठी असली तर तीन पेन्स तिरकं होऊन निसटतं.
- पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात नाणं नेमकं कुठे आहे ते दाखवणारं, हातात धरायचं छोटं यंत्र. पाणी चालणारंच घ्या.
- हेडफोन. लाटांच्या आवाजात बारीक सिग्नल त्याशिवाय ऐकू येत नाही.
- दोन पिशव्या, एक सापडलेल्या वस्तूंना, एक कचऱ्याला. नाण्यांसाठी झाकणाची लहान डबी वेगळी.
- डोक्याला लावायचा दिवा, गमबूट, पूर्ण चार्ज केलेला फोन. फोन कॉइलपासून, म्हणजे मशीनच्या दांड्याच्या टोकाच्या चकतीपासून लांब ठेवा, नाहीतर मशीन उगीच किरकिरतं.

४. वेळ: उधाण, भांग आणि सुकती

कोकणात वाढलेल्यांना हे सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत मोठं उधाण येतं, म्हणजे भरती जास्त वर चढते आणि सुकतीही जास्त खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी ना धड वर ना धड खाली. तुम्हाला उधाणाच्या दिवसांतली सुकती हवी, कारण एरवी पाण्याखाली असलेला पट्टा तेव्हाच उघडा पडतो. दोन ओहोट्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. तक्ते इंटरनेटवर फुकट मिळतात. ते ग्रीनिच वेळेत आहेत की उन्हाळी वेळेत, हे तपासा. एका तासाच्या गफलतीने माझी एक अख्खी पहाट वाया गेली.

ओहोटीच्या दोन तास आधी पोचा, पाण्यामागोमाग खाली सरका आणि पाणी फिरलं की तुम्हीही फिरा. एकच सिग्नल, दोनच मिनिटं असं म्हणत थांबू नका. सेव्हर्न नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरच्या घरात जातो आणि तिथला चिखल माणसाला गुडघ्यापर्यंत धरून ठेवतो. नवख्याने तिकडे जाऊच नये. ससेक्समध्ये पांढरे खडूचे कडे कोसळतात, त्यांच्या पायथ्याशी फिरू नका. अडकलात तर ९९९ वर फोन करून कोस्टगार्ड मागा.

५. वाळू वाचायला शिका

आई सुपात तांदूळ पाखडते तेव्हा हलकं फोलपट उडतं आणि खडे एका कडेला गोळा होतात. समुद्र हेच करतो, फक्त सूप मैलभर लांब असतं. पाण्यात वाळू हलते तसं नाणं खाली खाली जातं आणि ज्या कठीण थरातून पुढे जाता येत नाही, त्याच्यावर बसून राहतं. हा थर कुठे चिकणमातीचा, कुठे गोट्यांचा, कुठे खडकाचा. ब्रायटनच्या पूर्वेला खडूचा खडक लागतो, ब्रॅकलशॅमच्या बाजूला चिकणमाती. थरावर मीटरभर वाळू असेल तर जगातलं महागातलं मशीनही उपयोगाचं नाही. त्यामुळे प्रश्न इतकाच, की आज वाळू कुठे कमी झाली आहे?

वाळू कमी होते वादळाने. ऑक्टोबर ते मार्चमध्ये मोठा वारा सुटला की लाटा वरची वाळू ओढून समुद्रात नेतात आणि उन्हाळ्यात शांत लाटा ती हळूहळू परत आणून टाकतात. म्हणून जुलैतल्या गुबगुबीत, मऊ किनाऱ्यावर तुम्हाला कालच्या पर्यटकांचे सुटे पैसे मिळतील, चांदी नाही. माझी जवळजवळ सगळी चांदी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली आहे. बोटं बधिर झालेली असतात, पण तो भाग वेगळा.

दक्षिण किनाऱ्यावर लाकडाचे किंवा दगडाचे आडवे बांध समुद्रात शिरलेले दिसतील, त्यांना ग्रॉइन म्हणतात. ससेक्समध्ये वाळू आणि गोटे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत जातात. त्यामुळे बांधाच्या पश्चिमेला ढीग साठतो आणि पूर्वेची बाजू खचलेली राहते. मी गेलो की पहिल्यांदा प्रत्येक बांधाची पूर्वेची बाजू बघतो. बांधाच्या फळ्यांवर शेवाळाची जुनी रेघ असते. वाळू त्या रेघेच्या बरीच खाली गेली असेल, तर समजा की वादळाने तुमचं अर्धं काम केलं आहे.

मग मशीन सुरू करा आणि काय मिळतंय ते बघा. ॲल्युमिनियमचे कागद, डब्यांच्या कड्या, हलकं-फुलकं सामान मिळत असेल तर ती हलकी वाळू, पुढे चला. शिशाची वजनं, जुने तांब्याचे खिळे, गोल जड गोटे एकत्र लागले तर थांबा. जड वस्तू जडापाशी जमतात. शिसं दिसल्यावर वैतागणारा नवखा आणि शिसं दिसल्यावर खूश होणारा जुना, यांच्यात एवढाच फरक. तिथे स्कूपने एक खूण करा आणि त्या खुणेभोवती हळूहळू मोठी होत जाणारी फेरी घ्या. मला एकदा अशा खोलीभर जागेत एका सकाळी तीन चांदीची नाणी मिळाली आणि त्याआधी दोन तास बाकीचा किनारा पालथा घालून काहीच नव्हतं.

किनारा निवडताना इतिहासही बघा. लोक होते तिथेच पैसे पडले. ब्रायटनला रेल्वे १८४१ मध्ये आली, बोर्नमथला १८७० मध्ये. १८७१ च्या कायद्याने बँक हॉलिडे सुरू झाले आणि गिरण्या-दुकानांतली माणसं गाड्या भरभरून समुद्रावर येऊ लागली. जुनी पोस्टकार्डं बघा: खुर्च्या कुठे मांडल्या आहेत, गाढवं कुठे उभी आहेत, चाकांवरच्या कपडे बदलायच्या खोल्या कुठे आहेत. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे फुकट आहेत, आजच्या नकाशावर ठेवून बघता येतात. जुन्या पिअरच्या, म्हणजे समुद्रात शिरलेल्या फळ्यांच्या धक्क्याच्या आजूबाजूलाही बघा, फळ्यांच्या फटींतून किती नाणी निसटली असतील. पण तिथे लोखंडाचा इतका कचरा असतो की मशीनला श्वास घ्यायला जागा नाही.

आणि एक सापळा. काही प्रसिद्ध किनाऱ्यांवर, बोर्नमथ त्यातलाच एक, धूप थांबवायला समुद्रातून काढलेली वाळू आणून टाकतात. वरून किनारा जुना, पण पायाखालची वाळू परकी. नगरपालिकेच्या संकेतस्थळावर ही कामं कधी झाली ते लिहिलेलं असतं.

६. ऐकणं आणि खणणं

कॉइल वाळूला समांतर, जवळजवळ टेकलेली ठेवा. दोन्ही टोकांना वर उचलू नका, अंगण झाडताना केरसुणी उचलत नाही तशी. संवेदनशीलता कमाल ठेवण्याचा मोह आवरा, ओल्या वाळूत दोन पायऱ्या कमी ठेवलेलं मशीन जास्त खरं बोलतं.

चांदीचा आवाज उंच आणि स्वच्छ असतो. काटकोनात फिरून दुसऱ्या दिशेनेही कॉइल फिरवा. आवाज तसाच राहिला तर खणा, तुटक आला तर बहुधा लोखंड. पण मशीनच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. १९९२ पूर्वीचे काशाचे दोन पेन्स आणि त्याहून जुने मोठे पेनीही उंच आवाज देतात. उलट, तीन पेन्सचं पातळ नाणं कडेवर उभं असेल तर दबक्या, खालच्या सुरात बोलतं. फक्त उंच आकडे खणणारा माणूस चांदी मागे सोडून जातो. पहिलं वर्ष तरी लोखंड सोडून सगळं खणा.

स्कूप सिग्नलच्या थोडा मागे रोवा, नाण्यावर पातं घासलं तर ओरखडा कायमचा. नाणं निघालं तरी खड्डा पुन्हा तपासा. मग खड्डा बुजवा. दर वेळी. कोणी बघत नसलं तरी.

दुसऱ्या महायुद्धात या किनाऱ्यांवर सुरुंग पेरले होते, आजही कधी कधी जिवंत दारूगोळा निघतो. नळकांड्यासारखं, गंजलेलं, जड काही दिसलं तर हात लावू नका. लांब व्हा, जागा लक्षात ठेवा आणि ९९९.

७. मिळालं. आता कळवायचं कोणाला?

व्हिक्टोरियाचं किंवा जॉर्जचं एकटं नाणं कोणाला कळवायची कायद्याने सक्ती नाही. १९९६ चा ट्रेझर ॲक्ट लागू होतो तो असा: ३०० वर्षांहून जुनी, १० टक्के तरी सोनं-चांदी असलेली दोन किंवा जास्त नाणी एकाच ठेव्यातली असतील, तर १४ दिवसांत कळवायलाच हवं. जुन्या नाण्याला कडी लावून दागिना केलेला असेल तर ते एकटंही ट्रेझर ठरू शकतं. जुलै २०२३ पासून २०० वर्षांहून जुनी, इतिहासाच्या दृष्टीने असामान्य अशी धातूची वस्तूही यात आली आहे. हे न कळवणं गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. प्रत्येक भागाचा फाइंड्स लिएझन ऑफिसर असतो, त्याला ईमेल करा, पुढचं तोच सांगतो. ही माणसं पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमची, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेची, जी ब्रिटिश म्युझियम चालवतं. सक्ती नसलेली जुनी नाणीही मी त्यांना दाखवतो. काळवंडलेली चकती ते ज्या सहजतेने ओळखतात, त्यातून मी खूप शिकलो.

वस्तू फुटलेल्या जहाजातली असेल तर खातं वेगळं: रिसीव्हर ऑफ रेक, मुदत २८ दिवस. हे आपल्याला वाटतं तितकं दूरचं नाही. जानेवारी १८०९ मध्ये ॲडमिरल गार्डनर हे ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज केंटजवळच्या गुडविन सँड्सवर फुटलं. त्यात मद्रासकडे निघालेली कंपनीची 'कॅश' नावाची तांब्याची नाणी टनावारी होती. तो अवशेष आज संरक्षित आहे.

अंगठी, साखळी असं आजकालचं काही मिळालं तर "सापडलं ते माझं" हा न्याय चालत नाही. मालक शोधायचा प्रामाणिक प्रयत्न करावा लागतो, नाहीतर ती चोरी ठरू शकते.

८. घरी आल्यावर घासू नका

आपल्याकडे चांदी काळी पडली की रांगोळी किंवा दंतमंजन लावून लख्ख करतात. इथे तो हात आवरा. मी माझं दुसरं नाणं, एक शिलिंग, असंच घासलं आणि सातव्या एडवर्डच्या दाढीसकट अर्धा चेहरा गेला. डिस्टिल्ड पाण्यात काही दिवस बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, मीठ निघू द्या. मग मऊ फडक्याने नुसतं टिपा. फारच काळं आणि एरवीही झिजलेलं असेल तर वाटीत ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर नाणं, चमचाभर खायचा सोडा आणि गरम पाणी. अंड्याचा वास येईल, तो गंधकाचा. १९२० नंतरची नाणी मात्र अर्धी इतर धातूंची असल्याने खाऱ्या पाण्यात हिरवट होऊन खडबडतात, ती पूर्वीसारखी होत नाहीत. तीनशे वर्षांच्या पुढचं वाटलं तर काहीच करू नका, अधिकाऱ्याला दाखवेपर्यंत डबीत ठेवा.

प्रत्येक नाणं वेगळ्या पाकिटात, वर तारीख, जागा आणि त्या दिवशीचा वारा. दोन हिवाळ्यांनंतर ही पाकिटंच तुम्हाला सांगतील की कोणत्या वाऱ्यानंतर कुठल्या बांधापाशी जायचं.

९. सुट्टीत मशीन गावी नेऊ नका

हा प्रश्न मला प्रत्येक मराठी मित्र विचारतो. भारतात १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर आणता येत नाही. त्यात कोकणातले कितीतरी जलदुर्ग संरक्षित स्मारकं. त्यांच्या आसपास मशीन घेऊन फिरणाऱ्या माणसाकडे पोलीस छंद म्हणून बघणार नाहीत.

त्यामुळे माझं मशीन इथेच माळ्यावर राहतं. गुहागरच्या पुळणीवर संध्याकाळी चालताना नजर मात्र वाळू कुठे खचली आहे ते शोधत असते. बायको म्हणते, "अहो, जरा समोर बघून चाला, सूर्य बुडतोय."